वजाबाकीचं आकाश

कोजागरीला जबलपूर भेडाघाटाकडे लोटतं. दोन्ही बाजूंना संगमरवराचे उभे कडे, मधून वाहणारी नर्मदा आणि वर पूर्ण चंद्र, असं ते दृश्य. शरद पौर्णिमेच्या सुमारास तिथे नर्मदा महोत्सव भरतो. शहरातल्या मराठी घरांत त्याच रात्री मसाला दूध आटतं. दूरच्या आकाशाची छायाचित्रं काढणाऱ्या हौशी माणसाच्या मते मात्र ही अख्ख्या ऋतूतली सगळ्यात निरुपयोगी रात्र. चंद्राच्या उजेडात फिके तेजोमेघ आणि दीर्घिका बुडून जातात. त्याचं लक्ष पंधरा दिवसांनी येणाऱ्या अमावास्येकडे असतं.

ती अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन. त्या सुमारास रात्री दहा वाजता देवयानी दीर्घिका जबलपूरच्या आकाशात जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून सुमारे ७२ अंशांवर असते. चंद्र नाही, पाऊस सरलेला, देवयानी माथ्यावर. पंचांग सगळं जुळवून देतं आणि नेमक्या त्याच रात्री शहर माळा लावतं आणि फटाक्यांचा धूर करतं. सणाच्या रात्री तक्रार कोण करणार? कॅमेरा बॅगेतच राहतो. या छंदातली मुख्य झटापट मात्र या एका रात्रीत पुरती दिसते. हवा असलेला उजेड अतिशय थोडा आणि नको असलेला अतोनात. हौशी खगोलछायाचित्रकाराचं बहुतेक काम हा नको असलेला भाग वजा करण्याचं आहे.

पडदा नसलेला कॅमेरा

या कामासाठी बनवलेला कॅमेरा पहिल्यांदा पाहणारा थोडा निराश होतो. त्याला पडदा नाही, बटण नाही, डोळा लावायला खिडकी नाही. हातात मावेल असं एक धातूचं नळकांडं, पुढे काचेआड सेन्सर, मागे पंखा आणि दोन-तीन तारा जोडायच्या जागा. दुर्बिणीत जिथे डोळा लावायचा तिथे हे नळकांडं बसवायचं आणि बाकी सगळं लॅपटॉपवरून चालवायचं. हौशी मंडळींत आज सर्वाधिक ऐकू येणारी नावं दोन चिनी कंपन्यांची: सूझोऊची झेडडब्ल्यूओ आणि बीजिंगची क्यूएचवाय. आतला सेन्सर बहुधा सोनीचा असतो. आयएमएक्स५७१ हा त्यातला लोकप्रिय सेन्सर. त्याच्या एका फ्रेममध्ये ६२४८ गुणिले ४१७६ पिक्सेल असतात आणि प्रत्येक पिक्सेलची बाजू ३.७६ मायक्रॉन.

साध्या डीएसएलआरनेही आकाश टिपता येतं आणि बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. पण त्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे एक गाळणी असते. माणसाच्या चेहऱ्याचा रंग नैसर्गिक दिसावा म्हणून ती गडद लाल आणि अवरक्त प्रकाश अडवते. तेजोमेघांतला हायड्रोजन नेमका तिथेच, ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीला, चमकतो. लग्नातल्या फोटोसाठी केलेली सोय तेजोमेघाचा बराचसा प्रकाश बाहेर ठेवते. खगोलीय कॅमेऱ्यात ती गाळणी नसते.

दुसरा फरक थंडाव्याचा. सेन्सर अंधारात ठेवला तरी त्याच्या स्वतःच्या उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सुटत राहतात आणि कॅमेरा तेही प्रकाश म्हणून मोजतो. तापमान साधारण ६ अंशांनी वाढलं की हा खोटा प्रकाश दुप्पट होतो. म्हणून सेन्सरच्या पाठीशी पेल्टिअर थंडक बसवतात. विजेचा प्रवाह दिला की तिची एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते आणि गरम बाजूची उष्णता पंखा बाहेर फेकतो. बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ३५ अंश खाली जाण्याची तिची ताकद असते. जबलपूरच्या मे महिन्यातल्या ३० अंशांच्या रात्री सेन्सर उणे ५ पर्यंत कसाबसा पोचतो, पण तेवढ्यानेही खोटा प्रकाश पन्नासपटींहून अधिक घटतो. डिसेंबरच्या १० अंशांत उणे २० सहज गाठता येतं. थंडीचं हे गणित विजेवर चालतं, म्हणून शहराबाहेर निघालेल्या गाडीत दुर्बिणीइतकीच बॅटरी महत्त्वाची.

डोळ्याला न दिसणारं

या साधनामागचा इतिहास दीडशे वर्षांच्या आतला आहे. ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपर या डॉक्टर-खगोलप्रेमीने मृगातल्या तेजोमेघाचं पहिलं छायाचित्र घेतलं. त्यासाठी ५१ मिनिटं कॅमेऱ्यातली प्रकाशसंवेदी काच उघडी ठेवावी लागली होती. १८८८ मध्ये इंग्लंडच्या आयझॅक रॉबर्ट्स यांनी देवयानीच्या छायाचित्रात तिचे सर्पिल पट्टे दाखवले. दुर्बिणीला डोळा लावणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षकांना ते असे दिसले नव्हते. ड्रेपर वैद्यकाचे पदवीधर आणि रॉबर्ट्स व्यापारी. या विषयात हौशी माणूस पहिल्यापासून पुढे आहे.

डोळा प्रकाश साठवत नाही, क्षणोक्षणी पाटी पुसतो. काच साठवायची, पण तिच्यावर पडलेल्या शंभर प्रकाशकणांपैकी दोन-तीनच कामी यायचे. १९६९ मध्ये बेल लॅबमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या इलेक्ट्रॉनिक सेन्सरची कल्पना मांडली आणि तिच्यासाठी २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वेधशाळांनी सीसीडी उचलला, मग तो हौशी लोकांच्या आवाक्यात आला आणि गेल्या दशकात मोबाइल फोनच्या लाटेवर सुधारलेल्या सीमॉस सेन्सरने त्याची जागा घेतली. आजचा चांगला सेन्सर अनुकूल रंगात शंभरातले ऐंशीच्या आसपास कण पकडतो. ड्रेपर यांना जड काचेवर जे मिळालं, त्याहून किती तरी अधिक आता जबलपूरच्या राइट टाउनमधल्या गच्चीवरून काही मिनिटांत मिळतं.

तोफगाडा आणि दुर्बीण

इंग्रजांनी १८१७ मध्ये जबलपूरचा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडून घेतला आणि पुढे इथे छावणी वाढली. १९०४ मध्ये तोफगाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. तोफेची नळी किती का उत्तम असेना, तिचा गाडा डळमळला की नेम गेला. खगोलछायाचित्रणात दुर्बिणीखालच्या माउंटचं काम हुबेहूब तेच आहे. फरक इतकाच की इथे लक्ष्य सतत सरकतं.

पृथ्वी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत ताऱ्यांच्या संदर्भात एक फेरी पूर्ण करते. त्यामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला (विकला हे कोनाचं सूक्ष्म माप) सरकतं. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या छोट्या दुर्बिणीला वर सांगितलेला सेन्सर जोडला तर एक पिक्सेल आकाशाचा १.९ विकलांचा तुकडा पाहतो. म्हणजे माउंट थांबलेला असेल तर तारा सेकंदाला जवळजवळ आठ पिक्सेल पुढे जाईल आणि ठिपक्याची रेघ होईल. विषुववृत्तीय माउंटचा एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला असतो आणि मोटर त्याच्याभोवती आकाशाच्याच गतीने दुर्बीण फिरवते. जबलपूर कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला असल्याने ध्रुवतारा क्षितिजावर फक्त २३ अंश असतो. एखादी पाण्याची टाकी किंवा शेजारची इमारत तो सहज झाकते. शिवाय खरा ध्रुवबिंदू ध्रुवताऱ्यापासून अर्ध्या अंशाहून अधिक बाजूला आहे, त्यामुळे ताऱ्यावर नेम धरून भागत नाही.

मोटरच्या दातेरी चाकांतही चुका असतात. म्हणून मोठ्या दुर्बिणीच्या अंगावर एक लहान दुर्बीण आणि दुसरा छोटा कॅमेरा बसवतात. तो एका ताऱ्यावर नजर ठेवतो, तारा जागचा हलला की संगणक मोटरला सुधारणा कळवतो. हे गाइडिंग रात्रभर सेकंदा-दोन सेकंदांनी चालू असतं. नवखा माणूस आधी कॅमेऱ्यावर खर्च करतो. अनुभवी माणूस त्याला सांगतो, पहिले पैसे माउंटवर घाल.

बेरीज आधी, वजाबाकी नंतर

देवयानीचं एक छायाचित्र म्हणजे खरं तर शेकडो छायाचित्रं. तीन-तीन मिनिटांच्या फ्रेम एकामागून एक घेतल्या जातात आणि घरी संगणकावर एकावर एक बसवल्या जातात. सिरिल, डीपस्कायस्टॅकर यांसारखे फुकट मिळणारे प्रोग्रॅम हे काम करतात. एका फ्रेममध्ये खरा प्रकाश आणि दाणेदार गोंधळ दोन्ही असतात. फ्रेम वाढवत गेलं की खरा प्रकाश संख्येच्या प्रमाणात वाढतो, तर गोंधळ संख्येच्या वर्गमूळाने. चारपट फ्रेम घेतल्या की चित्र दुप्पट स्वच्छ, शंभरपट घेतल्या की दहापट. त्यामुळे या मंडळींच्या गप्पांत चित्र किती सुंदर यापेक्षा ते किती तासांचं, हा प्रश्न आधी येतो.

मग वजाबाकी. दुर्बिणीवर झाकण ठेवून त्याच तापमानाला, तेवढ्याच वेळाच्या, त्याच गेनच्या (संवेदनशीलतेच्या) काही फ्रेम घेतात. त्यांत सेन्सरची उरलेली उष्णता आणि ठरावीक जागी चमकणारे खोटे ठिपके तेवढे येतात. या डार्क फ्रेमची सरासरी मूळ फ्रेममधून वजा करायची. नंतर एकसारख्या उजळ पडद्याच्या फ्लॅट फ्रेम घ्यायच्या. त्यांत काचेवरची धूळ आणि कडांकडे होणारा काळोख दिसतो आणि त्यांनी मूळ फ्रेमला भागायचं. थंडक असलेल्या कॅमेऱ्याचा मोठा फायदा इथेच आहे. सेन्सर ठरलेल्या तापमानाला राहतो, त्यामुळे एकदा घेतलेल्या डार्क फ्रेम महिनोन्‌महिने वापरता येतात.

या सगळ्यासाठी लागणाऱ्या निरभ्र रात्री जबलपूरला वर्षभर मिळत नाहीत. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर पावसाळा दार बंद करतो. एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर वृश्चिक आणि धनू वर येतात, पण हवेत धूळ असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम, त्यातही नर्मदाकाठी पहाटे दव इतकं पडतं की भिंगाला गरम पट्टा गुंडाळला नाही तर चित्र धुक्यात जातं. मोबदल्यात अक्षांश उदार आहे. धनू राशीतला लगून तेजोमेघ लंडनहून जेमतेम १४ अंशांपर्यंत चढतो, जबलपूरहून ४२ अंशांपर्यंत. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ लंडनला कधीच उगवत नाही, इथून तो १९ अंशांवर येतो.

पुण्याची हिरवी रेषा

शहराचा उजेड वजा करायला गाळण्या वापरतात. त्यांच्या मागची कहाणी पुण्यातून जाते.

१८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला तेव्हा सलग पट्टा न दिसता काही सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. तेजोमेघ हा ताऱ्यांचा पुंजका नसून वायू आहे, हे त्यातून कळलं. त्यांतली मुख्य हिरवी रेषा मात्र कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना. ती मॅग्नेशियमशी निगडित असावी, असं नॉर्मन लॉकयर यांचं म्हणणं होतं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून वेधशाळा उभारणारे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८९१ च्या सुमारास मृगातल्या तेजोमेघाची ही रेषा अभ्यासली. ती धारदार असल्याची त्यांची नोंद लॉकयर यांच्या कल्पनेला पोषक नव्हती. याच नायगमवालांनी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला सोलापूरकडच्या जेऊरला छावणी टाकली होती. १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली.

रेषेचं कोडं १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सोडवलं. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन अतिशय विरळ अवस्थेत असला की तो ही रेषा देतो. त्या काळच्या प्रयोगशाळेतली निर्वात पोकळीही तेवढी विरळ नव्हती, म्हणून ती कुणाला सापडत नव्हती. तिची तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर.

आज हौशी माणूस बाजारातून दुहेरी पट्ट्याची गाळणी घेतो. ती हायड्रोजनची लाल रेषा आणि ही हिरवी रेषा एवढ्या दोनच खिडक्या उघड्या ठेवते, प्रत्येकी जेमतेम काही नॅनोमीटर रुंद. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा प्रकाश ५८९ च्या आसपास असतो, तो जवळजवळ पूर्ण अडतो. नव्या पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असल्याने त्याचा थोडा अंश दोन्ही खिडक्यांतून शिरतोच, तरी मोठा भाग बाहेर राहतो. त्यामुळे भर शहरातल्या गच्चीवरूनही मृगाचा तेजोमेघ चांगला टिपता येतो.

देवयानी मात्र अशी टिपता येत नाही. ती वायूचा ढग नाही, ताऱ्यांची नगरी आहे. तिचा प्रकाश एलईडीसारखाच सगळ्या रंगांत पसरलेला. गाळणी शहराला जेवढं कापेल तेवढंच देवयानीलाही कापेल.

जे वजा होत नाही

इथे साधनांची हद्द संपते. आकाशाचा उजळपणा सरासरीने वजा करता येतो, प्रोग्रॅम एका क्लिकवर करतात. पण प्रकाश सुट्या कणांनी येतो आणि त्यांचं येणं अनियमित असतं. शहराच्या उजेडाची सरासरी काढून टाकली तरी त्याचा चढउतार चित्रात राहतो आणि देवयानीचे फिके बाहेरचे पट्टे त्याच्यात हरवतात.

आकडा मांडून पाहू. आकाशाच्या पार्श्वभूमीचा उजळपणा दर चौरस विकलेमागे ‘प्रत’ या मापात मोजतात; आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. मोठ्या शहरात ती १८ च्या आसपास, तर चांगल्या काळोख्या जागी २१.५ च्या आसपास धरली, तर साडेतीन प्रतींचा फरक पडतो. म्हणजे शहराचं आकाश २५ पट उजळ. फिक्या वस्तूचं तितकंच स्वच्छ चित्र हवं असेल तर काळोखातल्या एका तासासाठी शहरात २५ तास द्यावे लागतील. लाखो रुपयांचा कॅमेरा घेतला तरी हे प्रमाण बदलत नाही, कारण तो कॅमेरा शहराचा उजेडही तितक्याच कुशलतेने पकडतो. काळोख विकत मिळत नाही. गाडी काढून तो असेल तिथे जावं लागतं.

जबलपूरहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की सिवनी आणि खवासा ओलांडल्यावर महाराष्ट्राची हद्द लागते. पुढे पेंच व्याघ्र प्रकल्पाचा महाराष्ट्रातला भाग आहे. डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये त्याला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता दिली, आशियातलं ते पाचवं. नुसतं जंगल आहे म्हणून ही मान्यता मिळत नाही. आसपासच्या वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक रस्त्यावरचे दिवे बदलून त्यांचा झोत जमिनीकडे वळवण्यात आला. आकाश पाहण्यासाठी जागा उभारली गेली. त्याआधी मध्य प्रदेशातल्या बाजूला, याच महामार्गाच्या जंगलातल्या टप्प्यावर प्राण्यांसाठी भुयारी वाटा ठेवल्या होत्या आणि वाहनांचे दिवे व आवाज जंगलात जाऊ नयेत म्हणून दोन्ही कडांना भिंती घातल्या होत्या. ती सोय वाघ-चितळांसाठी होती, फायदा ताऱ्यांनाही झाला.

मराठी हौशी खगोलप्रेमींना अशा भटकंतीची जुनी सवय आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते. मुंबईचं खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या दिवसांत, १९८५ मध्ये सुरू झालं आणि वांगणीच्या रात्रभरच्या कार्यक्रमांनी अनेकांना पहिल्यांदा दुर्बिणीपाशी आणलं. पुढे मुंबईचा उजेड वांगणीकडे सरकत गेला. जबलपूरकराची वाट अजून तशी सोपी आहे. बरगी धरणाच्या जलाशयाकडे थोडं अंतर गेलं तरी आकाश गडद होतं, आणि पुढे पेंच आहेच.

शंभर वर्षं न दिसलेली कमान

एवढे तास खर्चून हौशी माणसाच्या हाती सुंदर चित्रापलीकडे काही लागतं का? देवयानीनेच याचं उत्तर दिलं आहे.

रॉबर्ट्स यांच्यानंतर तिची अगणित छायाचित्रं निघाली. १९२३ मध्ये एडविन हबल यांनी तिच्यातला एक रूपविकारी तारा ओळखला आणि त्यातूनच ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचं सिद्ध झालं. आज तिचं अंतर २५ लाख प्रकाशवर्षं मानतात. आकाशातल्या सर्वाधिक अभ्यासलेल्या तुकड्यांपैकी हा एक. तरीही जानेवारी २०२३ मध्ये झाव्हिए स्ट्रोटनर, मार्सेल ड्रेक्सलर आणि यान सँटी यांच्यासह एका गटाने तिच्या शेजारी ऑक्सिजनच्या त्याच हिरव्या रेषेत चमकणारी प्रचंड कमान प्रसिद्ध केली. तिघेही हौशी. सँटी यांनी फ्रान्समधून लहान दुर्बीण, काळापांढरा थंड कॅमेरा आणि ऑक्सिजनची गाळणी वापरून अनेक रात्री फ्रेम जमवल्या होत्या. त्या चित्राला त्याच वर्षी ग्रिनिचच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीचा वर्षातल्या सर्वोत्तम खगोलछायाचित्राचा मान मिळाला. कमान देवयानीजवळची की आपल्या आकाशगंगेतली, यावर शास्त्रज्ञांचा अभ्यास चालू आहे.

मोठ्या वेधशाळांना ती का दिसली नाही, याला कारण आहे. देवयानी आकाशात सुमारे ३ अंश पसरली आहे, म्हणजे सहा पूर्ण चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत तेवढी. मोठ्या दुर्बिणी एका वेळी आकाशाचा चिंचोळा तुकडा पाहतात आणि त्यांचा वेळ अर्ज करून तासातासाने मिळतो. ४०० मिलिमीटरच्या छोट्या दुर्बिणीच्या एका फ्रेममध्ये मात्र अख्खी देवयानी बसते, आणि हौशी माणसाच्या रात्रींचा हिशोब कुणी मागत नाही. अशा कामाला रुंद चौकट आणि भरपूर रात्री लागतात, आणि त्या त्याच्यापाशी आहेत.

नाही ती काळोखाची गॅरंटी. उष्णता पेल्टिअरने काढली, धूळ फ्लॅटने, पृथ्वीचं फिरणं मोटरने. या तिन्ही वजाबाक्या कॅमेऱ्याच्या आणि दुर्बिणीच्या घरात झाल्या. चौथी वजाबाकी रस्त्यावर व्हायची आहे आणि ती एकट्याने करता येत नाही. दिवाळीच्या पणत्यांनी आणि माळांनी काही बिघडत नाही. माळा आठवड्याभरात उतरतात, धूर बसतो आणि महिन्याभराने येणाऱ्या अमावास्येला देवयानी आठ वाजताच माथ्यावर असते. वर्षाच्या सगळ्या रात्री आकाशाकडे उजेड फेकतात ते बिनटोपीचे दिवे. त्यांचा तो उजेड ना चालणाऱ्याच्या पायाखाली पडतो, ना दुचाकीवाल्याच्या खड्ड्यावर. विजेचं बिल मात्र त्याचंही येतं.

सिल्लारी आणि खापा आजही अंधारात नाहीत. तिथले दिवे रस्ता उजळतात, फक्त वर पाहत नाहीत. जबलपूर महापालिकेला किंवा नागपूरला हेच करायचं तर नवा शोध लावावा लागणार नाही. दिव्यांच्या पुढच्या निविदेत झोत खाली आणि वर टोपी, एवढी एक अट घालावी लागेल.